एका मतावरून लोकप्रतिनिधी ओळखता येतो का? मतदानाची नोंद वाचायला शिकणाऱ्यांसाठी

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं. बाजूने १८६, विरोधात १. तो एकमेव विरोध शरद जोशींचा होता. नुसती मतांची यादी हातात घेऊन बसलेला नवखा माणूस काय निष्कर्ष काढेल? आख्ख्या सभागृहात स्त्रियांच्या विरोधात असलेला एकच माणूस सापडला, असा. प्रत्यक्षात १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचं प्रचंड अधिवेशन भरवलं ते याच माणसाच्या संघटनेनं. नवऱ्याच्या नावावरची जमीन बायकोच्या नावावर करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीमही त्यांचीच. त्यांचा आक्षेप विधेयकातल्या फिरत्या मतदारसंघांच्या, म्हणजे स्त्रियांसाठी राखीव मतदारसंघ आळीपाळीने बदलत ठेवण्याच्या योजनेवर होता. उलट ज्या १८६ जणांनी होकार दिला, त्यांच्या पक्षांपैकी कुणालाही पुढच्या चार वर्षांत ते विधेयक लोकसभेत मताला आणता आलं नाही. २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा संपली आणि विधेयकही व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं.

मग मतावरून काहीच कळत नाही का? कळतं, बरंच कळतं. फक्त ते वाचण्याला एक क्रम आहे. मत म्हणजे कुणीतरी विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नाला ठरावीक दिवशी दिलेलं उत्तर. प्रश्न न वाचता उत्तर तपासायला गेलं की फसगत ठरलेली. खालच्या पायऱ्या मी स्वतः वापरतो त्या क्रमाने दिल्या आहेत. काही दोन मिनिटांत होतात, काहींना एक संध्याकाळ जाते.

पायरी १ : मत नावानिशी नोंदलं गेलंय का?

बहुतेक नवखे इथेच अडखळतात, कारण नोंद असणारच असं ते धरून चालतात. आपल्याकडे बहुसंख्य विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी प्रश्न मांडतात, एका बाजूने ‘हो’चा गलका होतो, दुसऱ्या बाजूने ‘नाही’चा, आणि कुठला आवाज मोठा हे अध्यक्ष ठरवतात. कोण काय ओरडलं याची नोंद राहत नाही. एखाद्या सदस्याने आक्षेप घेऊन मतविभाजन मागितलं, तरच प्रत्येकाचं मत नावानिशी कागदावर येतं.

२० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं आली तेव्हा विरोधी सदस्यांनी मतविभाजन मागितलं होतं. गदारोळात ते झालं नाही आणि विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. त्यामुळे ‘त्या दिवशी अमक्या खासदाराने कृषी विधेयकाला मत दिलं’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर नोंद दाखवा म्हणावं. भाषण दाखवता येईल, पक्षाची भूमिका दाखवता येईल, पण मत दाखवता येणार नाही.

मतविभाजन झालं असेल तर यादी मिळते, पण पहिल्याच आकड्यावर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक फलकावर झळकणारा निकाल दुरुस्तीच्या अधीन असतो. चुकीचं बटण दाबलेले, बटणच न चाललेले सदस्य चिठ्ठी देऊन मत दुरुस्त करतात, आणि मग बातमीतला आकडा व कामकाजाच्या अधिकृत वृत्तान्तातला आकडा दोन-चारने वेगळा निघतो. वृत्तान्त प्रमाण मानावा.

पायरी २ : प्रश्न नेमका काय होता?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच.

विधेयकावर एकच मतदान होत नाही. ते विचारात घ्यावं का, समितीकडे पाठवावं का, अमुक दुरुस्ती स्वीकारावी का, तमुक कलम राहावं का, आणि शेवटी ‘विधेयक संमत करावे’ असा प्रस्ताव. प्रत्येक टप्प्यावर वेगळा प्रश्न असतो, आणि एकच माणूस एका टप्प्यावर ‘हो’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ म्हणू शकतो, तेही कुठलाही विसंवाद न होता.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहातलं इच्छामरणाचं विधेयक याचं चांगलं उदाहरण आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी दुसऱ्या वाचनाला ते ३३० विरुद्ध २७५ असं पुढे गेलं. २० जून २०२५ रोजी तिसऱ्या वाचनाला अंतर ३१४ विरुद्ध २९१ इतकं आक्रसलं. मधल्या काळात काहींनी बाजू बदलली. त्यांना लगेच कोलांटउडी मारणारे ठरवू नये. दुसऱ्या वाचनाचा प्रश्न असतो, ‘यावर पुढे काम करायचं का?’ तिसऱ्याचा असतो, ‘हाच मजकूर कायदा व्हावा का?’ तत्त्व मान्य असलेला पण मजकुरातल्या तरतुदी अपुऱ्या वाटणारा माणूस दुसऱ्या वाचनाला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणेल, आणि दोन्ही वेळा प्रामाणिक असेल.

अमेरिकन सिनेटर जॉन केरी यांची फजिती मात्र अजून विसरली गेलेली नाही. इराक व अफगाणिस्तानातल्या मोहिमांसाठी ८७ अब्ज डॉलरचा खर्च २००३ मध्ये अमेरिकन सिनेटपुढे होता. श्रीमंतांना दिलेली करसवलत काही प्रमाणात मागे घेऊन हा पैसा उभा करावा, अशा दुरुस्तीच्या बाजूने केरी यांनी मत दिलं. ती फेटाळली गेल्यावर त्यांनी मूळ विधेयकाच्या विरोधात मत दिलं. २००४ च्या अध्यक्षीय प्रचारात त्यांनी हे समजावायला तोंड उघडलं आणि ‘आधी बाजूने दिलं, मग विरोधात दिलं’ अशा अर्थाचं वाक्य बोलून गेले. विरोधकांना आयती जाहिरात मिळाली. वाक्य हास्यास्पद होतं, मतं नव्हती.

दुरुस्त्यांमध्ये आणखी एक खेळ चालतो. विधेयक बुडवायचं असेल तर त्याला उघड विरोध करण्यापेक्षा त्याला अशी एखादी उदात्त दुरुस्ती चिकटवायची, की मूळ समर्थकांपैकी काही जण बिथरून दूर व्हावेत. १९५६ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात शाळांच्या इमारतींना केंद्राची मदत देणारं विधेयक होतं. ॲडम क्लेटन पॉवेल या कृष्णवर्णीय सदस्याने दुरुस्ती मांडली: वर्णभेद पाळणाऱ्या शाळांना हा पैसा मिळू नये. पॉवेल यांची तळमळ खरी होती. पण केंद्राची मदतच नको असलेल्या कित्येक सदस्यांनी आनंदाने दुरुस्तीला मत दिलं, कारण ती जोडली गेल्यावर दक्षिणेकडचे सदस्य विधेयक पाडणार हे त्यांना ठाऊक होतं. झालंही तसंच. दुरुस्ती संमत झाली आणि मग त्याच लोकांनी अंतिम विधेयकाच्या विरोधात मत दिलं. दुरुस्तीवरचं मत एकटं काढून वाचलं तर ते नागरी हक्कांचे कैवारी दिसतात.

आणखी एक विचित्र प्रकार. अमेरिकन सिनेटमध्ये एखाद्या मतदानाचा फेरविचार मागण्याचा अधिकार जिंकलेल्या बाजूच्या सदस्याला असतो. त्यामुळे आपला प्रस्ताव पडणार असं दिसलं की बहुमतवाल्या पक्षाचा नेता स्वतःच शेवटच्या क्षणी ‘नाही’ म्हणतो, म्हणजे तो जिंकलेल्या बाजूला जातो आणि पुढे विषय परत आणू शकतो. नोंदीत तो विरोधक. वास्तवात विधेयक पुढे रेटणारा पहिला माणूस तोच.

पायरी ३ : पक्षादेश होता का?

भारतात ही पायरी ओलांडून पुढे गेलात तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षादेश मोडून मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आधी परवानगी घेतलेली असेल किंवा पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं, तरच सुटका. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात ही अनुसूची वैध ठरवली. लोक ज्याला व्हिप म्हणतात तो हाच पक्षादेश, आणि तो बजावणारा तो प्रतोद.

आता याचा अर्थ वाचणाऱ्यासाठी काय? पक्षादेशाखाली दिलेलं मत तुम्हाला पक्षाबद्दल सांगतं, माणसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. मतदारसंघात फलक लागतात, ‘आमच्या खासदारांनी विधेयकाला भक्कम पाठिंबा दिला.’ त्यांना दुसरा पर्याय काय होता? खुर्ची गमावण्याचा.

ब्रिटनमध्ये पक्षादेशाला श्रेणी असतात. कागदावर ओळीखाली तीन रेघा मारल्या असतील तर आदेश सर्वांत कडक. पण तो मोडल्याने खासदारकी जात नाही, फार तर मंत्रिपद किंवा पक्षातलं स्थान जातं. म्हणून तिथल्या बंडखोर मताला अर्थ असतो. १८ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या प्रश्नावर मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं. त्यातल्या प्रत्येकाने काही ना काही गमावण्याची तयारी ठेवून ते केलं होतं. किंमत मोजून दिलेलं मत हे फुकटच्या मतापेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

पक्षादेश नसलेली मतदानं शोधा. ब्रिटनमध्ये फाशीची शिक्षा रद्द करणं, समलिंगी विवाह, वर उल्लेखलेलं इच्छामरण, असे सदसद्विवेकाचे मानले गेलेले विषय पक्षांनी मोकळे सोडले. आपल्याकडे अशी संधी क्वचित. त्यातल्या त्यात संसदीय समित्यांच्या खोलीत पक्षादेश चालत नाही. अहवालाला जोडलेली भिन्नमत टिपणं वाचा. कुठल्या कलमावर, कुठल्या शब्दांत असहमती नोंदवली आहे हे तिथे दिसतं. सभागृहात तोच सदस्य नंतर निमूटपणे ‘हो’ म्हणाला असेल, तरी टिपण खोटं ठरत नाही.

खासगी सदस्यांची विधेयकंही पाहा. ती संमत होत नाहीत हे खरं, स्वातंत्र्यानंतर जेमतेम चौदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. पण कुणी काय मांडावं हे तिथे पक्ष ठरवून देत नाही. माणसाने स्वतःहून कुठला विषय उचलला, हे कळायला याहून सरळ जागा नाही.

पायरी ४ : जे मतदानात नव्हते त्यांचं काय?

यादीत ‘हो’ आणि ‘नाही’ असतात, पण खरा निकाल कधीकधी रिकाम्या बाकांनी लागतो.

३० जुलै २०१९. तिहेरी तलाक विधेयक राज्यसभेत. सरकारी बाजूला स्पष्ट बहुमत नव्हतं. संयुक्त जनता दल हा सरकारचा मित्रपक्ष. विधेयकाला त्यांनी विरोध जाहीर केला आणि सभात्याग केला. अण्णा द्रमुकनेही तेच केलं. आणखी काही पक्षांचे सदस्य मतदानाला थांबलेच नाहीत. निकाल ९९ विरुद्ध ८४, विधेयक संमत. साध्या विधेयकाला उपस्थित राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं, म्हणजे विरोधक बाहेर गेला की उरलेल्यांचं काम सोपं होतं. ‘आम्ही विरोध केला’ हे वाक्य आणि ‘आमच्यामुळे ते पास झालं’ हे वाक्य, दोन्ही एकाच कृतीला लागू पडतात. सभात्याग म्हणजे निषेध, असं शाळेत शिकवतात. हिशेब करून पाहिल्याशिवाय ते मानू नये.

घटनादुरुस्तीचं गणित मात्र निराळं. तिथे मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश तर लागतंच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं. या दुसऱ्या अटीपुढे घरी बसलेला सदस्य विरोधात मत दिल्यासारखाच ठरतो. म्हणून गैरहजेरीचा अर्थ लावण्याआधी कुठलं बहुमत लागणार होतं ते बघा.

आणि हो, काही जण खरोखर आजारीही असतात.

पायरी ५ : त्या मताने काही फरक पडणार होता का?

निकाल आधीच ठरलेला असेल तर मत स्वस्त होतं. कुठलीही भूमिका परवडते.

याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल: ओबामांचा आरोग्यविमा कायदा रद्द करणारं विधेयक अमेरिकन सिनेटने डिसेंबर २०१५ मध्ये संमत केलं. ओबामा ते नाकारणार हे उघड होतं, आणि ८ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी नाकारलंही. जुलै २०१७ मध्ये जवळपास तोच प्रस्ताव परत आला, पण आता व्हाइट हाउसमध्ये सही करायला तयार असलेला अध्यक्ष होता. प्रस्ताव ४५ विरुद्ध ५५ असा पडला. रिपब्लिकन पक्षाच्या सात जणांनी विरोधात मत दिलं आणि त्यांतल्या सहा जणांनी २०१५ मध्ये बाजूने मत दिलं होतं. दोन्हींपैकी खरं मत कुठलं? मी तरी दुसरं धरीन. पहिल्याने कुणाचाही विमा जाणार नव्हता.

ओबामांनी स्वतःही हे केलं आहे. २००६ मध्ये सिनेटर असताना त्यांनी कर्जमर्यादा वाढवण्याच्या विरोधात मत दिलं. अध्यक्ष झाल्यावर २०११ मध्ये तीच मर्यादा वाढवून मागायची वेळ आली, तेव्हा ते जुनं मत चूक होती, राजकारणापोटी दिलं होतं, अशी कबुली त्यांनी दिली. इतकी सरळ कबुली दुर्मीळ. बाकीचे ‘परिस्थिती बदलली’ म्हणतात.

परिस्थिती खरंच किती पटकन बदलते हेही पाहा. ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत शिवसेनेने नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या बाजूने मत दिलं. ११ डिसेंबरला राज्यसभेत सभात्याग केला. त्या दोन दिवसांत विधेयकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदल कुठे झाला असेल तो विधेयकाबाहेर, आणि तो शोधायचा तर महाराष्ट्रात नुकतंच कुठलं सरकार आणि कुणाच्या साथीने आलं होतं ते आठवा.

पायरी ६ : ‘नाही’ कुठल्या बाजूने आलं?

५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहात पायाभूत सुविधांचं विधेयक २२८ विरुद्ध २०६ असं संमत झालं. विरोधात बहुसंख्य रिपब्लिकन होते, कारण त्यांना खर्च फार वाटत होता. त्यांच्या जोडीला सहा डावे डेमोक्रॅट सदस्यही होते. या सहा जणांची तक्रार उलटी: सामाजिक योजनांचं मोठं विधेयक सोबत संमत होत नव्हतं. यादीत दोघे एकाच रकान्यात. मतांच्या जुळणीवरून सदस्यांना डावं-उजवं ठरवणारी गणिती प्रारूपं आहेत, ती हजारो मतदानं एकत्र घेऊन बरंच खरं चित्र देतात, पण अशा ठिकाणी ती गडबडतात आणि टोकाच्या सदस्याला मध्यावर आणून बसवतात. एखाद्या संस्थेने काढलेलं ‘अमक्याला १०० पैकी ३०’ असं प्रगतिपुस्तक हाती आलं, तर कुठली मतदानं निवडली आणि कुणी निवडली, हे आधी विचारा.

सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षण लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं संमत झालं. ते दोन विरोधक एमआयएमचे होते आणि इतर मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा वाटा नाही, ही त्यांची हरकत होती. २०१० चा एक आणि २०२३ चे दोन, तिघांच्या ‘नाही’मागे तीन वेगळ्या माणसांची दोन पूर्ण वेगळी कारणं.

कारण कळायचं कसं? त्या दिवसाचं भाषण वाचा. आधी सुचवलेल्या दुरुस्त्या बघा. भाषणात माणूस प्रेक्षकांशी बोलतो, त्यामुळे त्यावर थोडी सूट धरावी. दुरुस्तीत मात्र त्याला नेमके शब्द लिहून द्यावे लागतात, आणि शब्द लिहिताना लपवाछपवी अवघड जाते.

पायरी ७ : तो कुणासाठी मत देत होता?

‘खरी भूमिका’ म्हणजे त्याचं वैयक्तिक मत, असं आपण गृहीत धरतो. लोकप्रतिनिधीला मात्र दुसऱ्यांच्या वतीनेही मत द्यायचं असतं. १ फेब्रुवारी २०१७ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करणारं विधेयक कॉमन्समध्ये ४९८ विरुद्ध ११४ असं पुढे गेलं. बाजूने मत देणाऱ्यांत असे कितीतरी होते ज्यांनी काही महिन्यांपूर्वीच संघात राहण्यासाठी प्रचार केला होता. सार्वमताचा कौल लागला होता आणि तो मानायला हवा, अशी त्यांची धारणा. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. स्वतःच्या मनाविरुद्ध लोकांचा कौल पाळणं हीसुद्धा एक भूमिकाच आहे, फक्त ती विधेयकाच्या विषयाबद्दलची नाही.

आता हे कागदावर कसं मांडायचं

एक वही घ्या, किंवा एक्सेल उघडा. सहा रकाने करा: तारीख आणि सभागृह; मतदानाला टाकलेला प्रश्न (शक्यतो मूळ शब्दांत); पक्षादेश होता का; दिलेलं मत (किंवा गैरहजेरी, तटस्थता, सभात्याग); निकालातलं अंतर; आणि सदस्याने त्या वेळी दिलेलं कारण. नंतर सुचलेली कारणं वेगळ्या शाईने लिहा. एकाच विषयावरची निदान चार-पाच मतदानं भरल्याशिवाय ‘भूमिका’ हा शब्द वापरू नका.

वाक्य लिहितानाही हाच शिस्तीचा भाग पाळता येतो. ‘अमुक खासदार महिला आरक्षणाच्या विरोधात आहेत’ असं लिहिण्याऐवजी लिहा: ‘९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत शरद जोशी यांनी महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्ती विधेयकाविरुद्ध एकमेव मत दिलं, मतदारसंघ फिरते ठेवण्यावर त्यांचा आक्षेप होता.’ वाक्य लांबलं खरं. पण ते कुणालाही तपासून पाहता येतं, आणि वाद घालायचा असेल तर तो फिरत्या मतदारसंघांवर घालता येतो.